बॅकलिट रात्री फिका, क्लिअर काचेवर मळकट: दरवेळी तेच का होतं?

“मालक, दिवसा बोर्ड एक नंबर, पण लाइट लावली की सगळं धुतल्यासारखं दिसायलंय की ओ.” दिवाळीच्या आधी एकदा आणि गड्डा यात्रेच्या तोंडावर पुन्हा एकदा, सोलापुरात डिजिटल प्रिंट मारणाऱ्या बहुतेकांना हा फोन येतो. त्यावर आपल्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे फाइल उघडायची, सॅच्युरेशन वाढवायचं, काँट्रास्ट थोडा ओढायचा आणि पुन्हा प्रिंट मारायचा. कधी कधी जमूनही जातं. मग पुढच्या महिन्यात पार्टी दुसरी, फाइल दुसरी, फोन तोच.

फाइलमध्ये दोष नसतोच, म्हणून तिथे कितीही शोधला तरी सापडत नाही. फ्रंटलिटसाठी, म्हणजे समोरून उजेड पडणाऱ्या साध्या बोर्डासाठी बनवलेलं प्रोफाइल आपण बॅकलिटला, म्हणजे आतून लाइट असलेल्या बोर्डाला लावतो आणि तेच क्लिअर (पारदर्शक) व्हिनाइललाही लावतो. प्रोफाइल म्हणजे कोणत्या रंगासाठी कोणती शाई किती टाकायची याचा मशीनसाठीचा तक्ता, आणि तो चार गोष्टींवर बेतलेला असतो: मटेरियल कोणतं, शाई किती पडते, उजेड कुठून आणि कसला येतो, आणि बघणारा कोणत्या बाजूला उभा आहे. यातली एक बदलली तरी ते प्रोफाइल त्या कामाचं राहत नाही. बॅकलिटला तर यातल्या तीन एकदम बदलतात.

प्रकाश एकदाच जातो

साध्या फ्लेक्सवर उजेड समोरून पडतो, शाईच्या थरातून आत जातो, मागच्या पांढऱ्यावर आपटतो आणि त्याच थरातून परत बाहेर येतो. म्हणजे शाई त्याला दोनदा गाळते. बॅकलिटमध्ये एलईडी मागे असतात, त्यामुळे उजेड शाईतून एकदाच जातो. शाई तेवढीच, पण गाळणं निम्मं.

आकड्यात बघू. डेन्सिटी म्हणजे थर किती उजेड अडवतो त्याचं माप. डेन्सिटी १ म्हणजे १० टक्के उजेड शिल्लक राहतो आणि डेन्सिटी २ म्हणजे १ टक्का. टेबलावर ठेवून मोजलेल्या काळ्याची डेन्सिटी १.६ आली तर जेमतेम अडीच टक्के उजेड परत येतो आणि डोळ्याला तो गच्च काळा दिसतो. त्याच थराच्या मागे लाइट लावली की डेन्सिटी साधारण ०.८ भरते, म्हणजे कोऱ्या मटेरियलमधून जितका उजेड येतो त्याच्या सोळा टक्के आरपार येतो. त्याला काळा कोण म्हणेल? तो राखाडी, आणि बऱ्याच शायांमध्ये तपकिरीकडे झुकलेला राखाडी.

फाइलमध्ये रंग वाढवून हे भरून निघत नाही, कारण लोगोचा लाल आधीच १०० मॅजेंटा, १०० यलो असतो. शंभराच्या पुढे स्लायडर जात नाही. वाढतात ते मधले रंग. चेहरे तांबडे होतात, आकाश निळंभोर होतं आणि लोगो होता तिथेच फिका राहतो. वाढदिवसाच्या बोर्डावरच्या दादांचा चेहरा रात्री भाजल्यासारखा दिसतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

म्हणजे शाईच जास्त पडायला हवी. रिपमध्ये (फाइल मशीनला पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) डबल स्ट्राइक किंवा डबल डेन्सिटी मोड असेल तर तो घ्या. नसेल तर पास, म्हणजे हेडच्या फेऱ्या, वाढवून तेवढी शाई पडते का ते बघा. नुसते पास वाढले म्हणजे शाई वाढतेच असं नाही, कित्येक मशिनांत तेवढेच थेंब जास्त फेऱ्यांत विभागून पडतात. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा चांगला दिसणारा बोर्ड हवा असेल तर मागच्या बाजूने मिरर प्रिंट मारायचा जुना मार्गही आहे. त्यात दोन्ही बाजूंचं रजिस्ट्रेशन जुळवताना घाम फुटतो. बारीक अक्षर असलेल्या कामात मी त्या वाटेला जात नाही.

आधी रोग ओळखा

बोर्ड खाली उतरवण्याआधी जागेवर पाच मिनिटं उभं राहून बघितलं तरी बरंच कळतं. सगळे रंग सारखेच फिके असतील तर शाई कमी आहे. काळा आणि गडद भाग तपकिरी दिसत असेल तर काळा एकट्या के (काळ्या) शाईने बनला आहे, त्यात बाकी तीन रंग भरायला हवेत. फ्रंटलिटला नुसता के पुरतो, बॅकलिटला पुरत नाही. बाकी सगळं ठीक असून फक्त लाल मेला असेल तर मशीनला हात लावू नका, आधी एलईडी बघा. पट्टे किंवा ढग दिसत असतील तर तो रंगाचा प्रश्नच नाही. एलईडी मॉड्यूलमधलं अंतर बॉक्सच्या खोलीपेक्षा बरंच जास्त झालं की उजेडाचे गोळे दिसतात. बारा व्होल्टची लांबलचक वायर एकाच टोकाने दिली असेल तर दुसऱ्या टोकाला मॉड्यूल मंद पडतात. दोन्ही टोकांनी सप्लाय द्या. हे काम लाइटवाल्याचं आहे, पण शिव्या आपल्याला बसतात.

आणि करड्या रंगावर हिरवी किंवा गुलाबी झाक दिसत असेल तर दोष लिनियरायझेशनचा (शाईची टक्केवारी आणि दिसणारा रंग यांचं प्रमाण जुळवण्याचा) किंवा प्रोफाइलचा आहे. पुढचं सगळं त्यासाठी.

लाइट लावून मोजायचं

बहुतेक ठिकाणी प्रोफाइल बनवताना बॅकलिटचा चार्ट, म्हणजे रंगांच्या चौकोनांचा (पॅचचा) प्रिंट, टेबलावर ठेवून त्यावर आय-वन हे रंग मोजायचं यंत्र फिरवतात. ही मोजणी दोन कारणांनी फसते. एक म्हणजे मटेरियल अर्धपारदर्शक असल्याने खाली काय आहे त्यावर आकडे बदलतात. मागे पांढरं ठेवा नाहीतर काळं ठेवा, रंगमोजणीच्या आयएसओ १३६५५ या मानकात दोन्हीचे नियम आहेत, पण रात्री बोर्डाच्या मागे यातलं काहीच नसतं. दुसरं कारण जरा लपलेलं आहे. यंत्राचा उजेड मटेरियलमध्ये शिरला की आडवा पसरतो आणि त्यातला काही भाग यंत्राच्या मोजणीच्या भोकाबाहेर जाऊन हरवतो, मग रंग आहे त्यापेक्षा गडद मोजला जातो. आय-वन प्रोचं भोक साडेचार मिलिमीटरचं, त्यामुळे हा तोटा चांगलाच जाणवतो.

खरा उपाय म्हणजे आरपार उजेड मोजणारं यंत्र. बार्बिएरीचं स्पेक्ट्रो एलएफपी दोन्ही प्रकारे मोजतं आणि त्याचं भोकही मोठं करता येतं, पण सोलापुरातल्या एकट्या दुकानाने ते घ्यावं असा त्याचा भाव नाही. दोन-चार जणांनी मिळून ज्याच्याकडे ते आहे अशा माणसाला पुण्याहून दिवसभरासाठी बोलवणं परवडतं.

तेही जमत नसेल तर साध्या आय-वन प्रोवर काम निघतं, कारण तो उजेड सोडणाऱ्या वस्तूही मोजतो. आर्गिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आरपार मोजणीचा पर्याय दिलेला आहे. मात्र लाइटबॉक्स नीट बनवावा लागतो. आमच्याकडे अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये जो आहे तो तीन मिलिमीटरच्या दुधी अक्रेलिकचा आहे. आत जी मॉड्यूल शहरात सर्रास बसवतात तीच घट्ट लावलेली, आणि आतून सगळीकडे पांढरा रंग. वर काळ्या कार्डशीटचं झाकण आणि मध्ये एकच खिडकी, एका पॅचपेक्षा थोडी लहान.

झाकण आणि खिडकी कशासाठी? चार्टच्या कडेने उघडा उजेड आला की तो यंत्रात शिरतो आणि सगळे गडद रंग आहेत त्यापेक्षा उजळ मोजले जातात. मग प्रोफाइलला वाटतं की या मशीनला काळा करताच येत नाही. दुसरी गोष्ट, यंत्र चार्टवरून फिरवू नका. यंत्र खिडकीवर बसवा आणि त्याच्याखालून चार्ट सरकवा. कोणताही हाताने बनवलेला लाइटबॉक्स सगळीकडे सारखा उजळ नसतो. यंत्र फिरवलं तर बॉक्सची असमानता रंगाच्या नावावर खपते, एकाच जागी मोजलं तर तो दोष सगळ्या पॅचना सारखा लागतो आणि बाद होतो. पॅच दोन सेंटिमीटरचे ठेवा. हात दुखतात, म्हणून हजार पॅचच्या चार्टच्या नादी लागू नका, तीनेकशे पुरतात. बॉक्स आधी अर्धा तास चालू ठेवा, कारण एलईडी तापताना उजेड थोडा उतरतो. मोजताना शेडची ट्यूब बंद आणि शटर खाली.

क्रम चुकवू नका. आधी डबल मोडमध्ये प्रत्येक शाईची शून्यापासून शंभरापर्यंत पाच-पाच टक्क्यांची पट्टी मारा, वाळू द्या आणि लाइटवर धरा. ज्या पायरीनंतर रंग गडद व्हायचा थांबतो तिथे त्या शाईचं लिमिट कापा. टेबलावर बघून कापलंत तर लिमिट फार लवकर कापलं जाईल, कारण दिवसाउजेडी सत्तर आणि शंभर सारखेच दिसतात, पण मागून लाइट लावली की त्यांच्यात फरक असतो. त्यानंतर त्याच मोडमध्ये लिनियरायझेशन, आणि तेही आरपार मोजून. मग एकूण शाई, म्हणजे एका जागी पडणाऱ्या सगळ्या शायांच्या टक्क्यांची बेरीज. फ्रंटलिटला ती कुठेतरी अडीचशे-तीनशे टक्क्यांवर कापलेली असते. बॅकलिटला त्याच्या पुढे जावं लागतं, पण मर्यादा ठरवायची ती वाळण्यावरून: प्रिंट गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी उलगडताना चरचर आवाज आला किंवा शाई पाठीला चिकटली तर खाली या. शेवटी प्रोफाइल. आधीच्या तीन पायऱ्या कच्च्या असतील तर प्रोफाइलवर कितीही वेळ घालवा, उपयोग नाही.

एक अडचण हमखास येते. नुसत्या बॉक्सचा उजेड शंभर धरला तर कोऱ्या बॅकलिट फ्लेक्समधून त्यातला थोडाच बाहेर येतो. मग प्रोफाइलमधला पांढरा खूपच काळपट नोंदला जातो आणि अ‍ॅब्सोल्यूट कलरिमेट्रिक पद्धतीने (जी तो पांढराही जसाच्या तसा धरते) प्रिंट मारला की रंगांचा पार विचका होतो. कोरं मटेरियल हाच पांढरा धरा आणि रेंडरिंग इंटेंट, म्हणजे रंग जुळवण्याची पद्धत, रिलेटिव्ह ठेवा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू करून. फोटोच्या कामाला परसेप्चुअल चालतं. अंधारात पेटलेल्या बोर्डाकडे बघताना डोळाही असाच वागतो, समोरचा सर्वांत उजळ भाग तो पांढरा मानतो.

फक्त लाल मेला असेल तर

नवी पेठेत साड्यांच्या दुकानावर बॅकलिट लागतो तेव्हा ही तक्रार येणारच. मरून शालू दिवसा मरून आणि रात्री विटकरी. स्वस्त पांढऱ्या एलईडीचा उजेड म्हणजे मुळात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरची भर. त्यात गडद लाल फारच कमी असतो. जो रंग दिव्यातच नाही तो शाईतून गाळून कुठून येणार? मॉड्यूलच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेला असेल तर बघा. पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लालाचा आर-९ त्यात धरलेलाच नसतो. सीआरआय ८० असूनही आर-९ शून्याच्या आसपास असू शकतो.

पार्टीला हे तोंडी सांगून पटत नाही. त्याच प्रिंटचा हातभर तुकडा घ्या, अर्ध्याच्या मागे त्यांच्या बॉक्समधलं मॉड्यूल आणि अर्ध्याच्या मागे चांगल्या सीआरआयचं मॉड्यूल धरा. मधोमध रेघ मारल्यासारखा फरक दिसतो. डावीकडे पदर विटेसारखा, उजवीकडे मरून, आणि काठाची जर मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच. हे बघितल्यावर बहुतेक शेठ मॉड्यूल बदलायला तयार होतात. जे होत नाहीत त्यांच्याकडून तेवढं लिहून घ्या.

दिव्याच्या थंड-उबदारपणाबद्दलही थोडं. आयसीसी प्रोफाइलमध्ये (प्रोफाइलचा हा सर्वमान्य प्रकार) रंगांचा हिशोब डी५० उजेडावर, म्हणजे सुमारे ५००० केल्विनवर मांडलेला असतो. आपल्याकडची मॉड्यूल ६५०० किंवा त्याच्याही पुढची, निळसर. बोर्ड एकटा असेल तर नुसत्या निळसरपणाने फारसं बिघडत नाही, डोळा जुळवून घेतो. पण एकाच दुकानावर दोन बोर्ड आणि दोघांत वेगळ्या लॉटची मॉड्यूल असली की एक निळा आणि एक पिवळट दिसतो, मग प्रिंट कितीही बरोबर असो. एका दुकानाला एकाच लॉटचा माल घ्यायला सांगा. आय-वन प्रोफाइलर आणि आर्गिल या दोन्ही सॉफ्टवेअरांत डी५० सोडून दुसरा उजेड धरून प्रोफाइल काढता येतं, त्यासाठी मोजणी स्पेक्ट्रल, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीचा उजेड वेगळा मोजणारी हवी. कायम एकाच प्रकारच्या बॉक्सचं काम असेल तर हे करण्यासारखं आहे. रोज वेगळ्या पार्टीचा वेगळा बॉक्स असेल तर त्यात वेळ घालवू नका.

क्लिअरचं दुखणं पांढऱ्यात

क्लिअर व्हिनाइल किंवा अक्रेलिकवर नुसते चार रंग मारले तर मागे जे असेल ते रंगात मिसळतं. दुकानाच्या काचेमागे दिवसा अंधार असतो, म्हणून पिवळा हिरवट-मळकट दिसतो आणि मॅजेंटा वांगी रंगाचा होतो. याला प्रोफाइल नाही. मागे काय असणार हेच ठरलेलं नसेल तर मोजायचं तरी काय? पांढरी शाई हवीच, आणि क्लिअरचं प्रोफाइल म्हणजे खरं तर त्या पांढऱ्या थराचं प्रोफाइल.

तक्रार असते ती “मागच्या वेळी बरोबर आला होता, आता मळकट आला”. रंगांच्या आधी पांढरी तपासा. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं. त्याची पावडर बाकी शाईच्या मानाने फार जड, म्हणून ती तळाला बसते. दोन दिवस मशीन बंद राहिलं आणि सर्क्युलेशन चाललं नाही की वरची पातळ शाई आधी येते. पांढरा थर दिसतो पांढराच, पण पाठीमागचं झाकत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. क्लिअरवर पांढऱ्याचा एक सलग चौकोन मारा, अर्धा काळ्या कार्डवर आणि अर्धा पांढऱ्या कागदावर ठेवा आणि दोन्हीकडे एल किंमत (उजळपणाचा आकडा) मोजा. चांगलं प्रोफाइल बनवलं त्या दिवशी दोन्हींत किती फरक होता ते लिहून ठेवलेलं असेल तर आज तो वाढलाय का ते लगेच कळतं. यंत्र नसेल तर चौकटीचा काळा-पांढरा कागद मागे धरा, चौकटी कितपत दिसतात ते बघा आणि जुना तुकडा शेजारी ठेवून ताडा. फरक वाढला असेल तर बाटली हलवा, पांढऱ्याची लाइन फ्लश करा आणि पुन्हा बघा. प्रोफाइलला हात लावायचा तो याच्यानंतर.

थरांच्या क्रमातही घोळ होतो. बाहेरून चिकटवायचं असेल तर आधी पांढरा आणि वर रंग. काचेच्या आतून चिकटवून बाहेरून बघायचं असेल तर मिरर करून आधी रंग आणि त्यावर पांढरा. शाया त्याच, पण प्रोफाइल दोन लागतात. एकात रंग पांढऱ्या थरावर बसतो, दुसऱ्यात थेट प्लॅस्टिकवर, आणि थेंब दोन्ही ठिकाणी सारखा पसरत नाही. शिवाय दुसऱ्यात ग्राहक फिल्ममधून बघतो, म्हणून चार्टसुद्धा उलटा करून फिल्मच्या बाजूनेच मोजायला हवा. पातळ फिल्मवर ते आय-वनने होतं. पाच मिलिमीटर अक्रेलिकमधून मोजलं तर उजेड जाडीत आडवा निसटतो आणि सगळे आकडे गडद येतात. त्याच शाईने पातळ क्लिअर फिल्मवर चार्ट मारून मोजणं तिथे बरं पडतं.

पांढरा थर रंगापेक्षा एक-दोन पिक्सेल आत घ्या, नाहीतर बारीक अक्षरांना पांढरी कड दिसते.

क्लिअरच्या मागे लाइट असेल, म्हणजे रंग-पांढरा-रंग असे तीन थर असतील, तर पांढऱ्याचं गणित उलटं होतं. दिवसासाठी तो दाट हवा आणि रात्रीसाठी उजेड सोडणारा. मधला आकडा बॉक्सवर धरूनच ठरवावा लागतो. पांढरा ४० टक्क्यांपासून १०० पर्यंत दहा-दहाने वाढवत पट्टी मारा, बॉक्सवर लाइट लावून आणि बंद करून दोन्ही वेळा बघा आणि ग्राहकाला त्यातली निवडायला लावा. निवडलेली टक्केवारी रिपमध्ये पक्की केल्यावरच चार्ट मारायचा.

पुन्हा पुन्हा का बिघडतं

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. शाई पातळ होते, थेंब बदलतो आणि डिसेंबरमध्ये केलेलं लिनियरायझेशन हलतं. आख्खं प्रोफाइल पुन्हा करायची गरज नाही. लिनियरायझेशन उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा करा, शाईचा ब्रँड बदलला तर मात्र सगळं पहिल्यापासून. फ्लेक्सचा रोल बदलला तर कोऱ्या तुकड्यातून किती उजेड येतो ते मोजा. नाव आणि जीएसएम (वजन) तेच असूनही एका लॉटमधून दुसऱ्यापेक्षा बराच कमी उजेड येतो, आणि दुकानदार हे सांगत नाही.

प्रोफाइलचं नाव ठेवताना आळस करू नका. “बॅकलिट न्यू फायनल २” अशा नावाच्या चार फाइली रिपमध्ये पडल्या की रात्रपाळीचा पोरगा त्यातली कुठली उचलेल याचा भरवसा नाही. नावात मटेरियल, पास, डबल की सिंगल, मोजणी समोरून की आरपार, पांढऱ्याची टक्केवारी आणि महिना एवढं लिहा. आणि ज्या चार्टवरून प्रोफाइल काढलं त्याचा एक तुकडा काळ्या पाकिटात, उन्हापासून लांब ठेवा. पुढचा फोन आला की नवा प्रिंट आणि हा तुकडा एकाच बॉक्सवर शेजारी धरायचे. दोन्ही सारखे दिसले तर मशीनमध्ये खोट नाही, शिडी घेऊन बोर्डाकडे जा आणि आतली मॉड्यूल तपासा.